पटावरची बरोबरी आणि पटाबाहेरची



तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत बुद्धिबळ कुठून आलं, असं काही जणांना वाटेल. पण वचन, करार, संमती हे शब्द आपण या मालेत वारंवार वापरतो. ते सगळे एकाच छोट्या कृतीत एकत्र पाहायचे असतील, तर बुद्धिबळाच्या पटाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. ती कृती अशी. दोन खेळाडू समोरासमोर बसतात, दहा-बारा चाली करतात, एकमेकांकडे पाहतात, हात मिळवतात आणि उठतात. अर्धा गुण तुला, अर्धा मला. चार-पाच तास चालू शकणारा डाव वीस मिनिटांत आटोपतो. कुणी कुणाला फसवलेलं दिसत नाही. दोघंही खूश असतात. मग यात नीतीचा प्रश्न येतो तरी कुठे?

आज आपल्याला तो शोधायचा आहे. सुरुवातीलाच सांगून टाकू या, की या प्रकाराला जी नेहमीची दूषणं दिली जातात त्यांतली बहुतेक आम्हाला पटत नाहीत. म्हणून प्रकार निर्दोष ठरतो असं मात्र नाही. दोष आहे, पण लोक बोट दाखवतात तिथे तो नाही.

पहिलं दूषण प्रेक्षकांच्या नावाने दिलं जातं. लोक डाव बघायला आले, आयोजकांनी पैसे घातले, आणि यांनी बारा चालींत गाशा गुंडाळला! २००५ साली बल्गेरियात सोफिया इथे एम-टेल मास्टर्स स्पर्धा सुरू झाली, तिच्यामागे हाच विचार होता. तिथे खेळाडूंनी बरोबरीबद्दल एकमेकांशी बोलायचंच नाही असा नियम केला. बरोबरी हवी असेल तर पंचाकडे जायचं, आणि पटावर खरोखर काही उरलं नसेल तरच पंच मान्यता देणार. हा 'सोफिया नियम' म्हणून प्रसिद्ध झाला आणि पुष्कळ ठिकाणी उचलला गेला. २००८ मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओच्या स्पर्धेत दुसरा उपाय योजला: विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. म्हणजे दोघांनी मिळून बरोबरी केली की तीनातला एक गुण हवेत विरला.

उपाय म्हणून हे वाईट नाहीत. पण त्यामागचं कारण तपासू या. प्रेक्षकाचा कंटाळा हे व्यापारी नुकसान आहे, त्याची भरपाई आयोजकाने करारातून करून घ्यावी. त्याला नैतिक अपराध म्हणता येत नाही. गाण्याच्या बैठकीत बुवांनी ख्याल लवकर आवरता घेतला तर आपण हळहळतो, पुढच्या वेळी तिकीट काढत नाही, पण बुवांनी पाप केलं असं म्हणत नाही. शिवाय हे कारण मान्य केलं तर एक विचित्र निष्कर्ष निघतो: प्रेक्षक नसतील तर छोटी बरोबरी निर्दोष. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या मंगल कार्यालयात स्पर्धा चालते, तिथे प्रेक्षक म्हणजे मुलांचे आई-बाप, आणि तेही बाहेर चहाच्या टपरीवर. तिथे काय करायचं? प्रश्न तर तिथेही उरतोच.

दुसरं दूषण चालींच्या संख्येचं. डाव छोटा म्हणून वाईट. हेही टिकत नाही. २०१२ मध्ये मॉस्कोत विश्वनाथन आनंदने बोरिस गेल्फांडला जगज्जेतेपदाच्या सामन्यातल्या आठव्या डावात अवघ्या १७ चालींत हरवलं. छोटा डाव म्हणजे लढाई झालीच नाही असं थोडंच आहे? आणि डाव लांबला म्हणजे खरा, असंही नाही. तीस चालींआधी बरोबरी नको असा नियम असेल, तर दोन कसबी खेळाडू एकतीस चाली सहज भरून काढतील. कारकुनाने रकाने भरावेत तसे.

तिसरं दूषण बरोबरीचंच. निकाल लागला पाहिजे, बरोबरी म्हणजे पळपुटेपणा! ज्यांनी बुद्धिबळ लांबून पाहिलंय त्यांचं हे मत असतं. दोन्ही बाजू नीट खेळल्या तर डाव पुष्कळदा बरोबरीकडेच झुकतो. २०१८ साली लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना यांच्यातले बाराच्या बारा क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत गेले, मग जलद डावांत दिव्या जिंकली. तेवढ्याने त्या विजेतेपदाला कुणी कमी लेखत नाही.

म्हणजे प्रेक्षक हे कारण नव्हे, लांबी हे कारण नव्हे, बरोबरी हेही कारण नव्हे. मग उरलं काय? इथे आपण नियमाच्या मजकुराकडे वळू. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना मजकूर वाचायची खोड असते, आणि इथे ती उपयोगी पडते.

फिडे या जागतिक संघटनेच्या नियमावलीत बरोबरीचं कलम आहे. त्याचा आशय असा: डाव चालू असताना दोन्ही खेळाडूंनी सहमती दिली तर डाव बरोबरीत सुटतो, मात्र दोघांनीही किमान एक चाल केलेली हवी. आता यातले तीन शब्द घट्ट धरू: 'डाव चालू असताना'. सहमतीला जागा दिली आहे, पण ती डावाच्या आत. आणि प्रस्ताव कसा मांडायचा तेही ठरवून दिलं आहे: आधी पटावर चाल करायची, मग प्रस्ताव मांडायचा, आणि मग घड्याळ दाबायचं. म्हणजे प्रस्तावाच्या आधी चाल हवी. असं का? कारण प्रस्ताव हाही डावाचाच भाग आहे. मी ही चाल केली, आता या स्थितीत तुझं काय मत, असं तो विचारतो. समोरचा स्थितीकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, आपल्या भीतीकडे बघतो आणि हो किंवा नाही म्हणतो. पंधराव्या चालीला जरी असं घडलं, तरी निर्णय पटावर झाला.

आदल्या रात्री हॉटेलच्या जेवणघरात ठरलेली बरोबरी वेगळी. तिथे स्थितीच नव्हती. सकाळी ज्या चाली झाल्या त्या निव्वळ देखावा. डावाच्या कागदावर दोन्ही बरोबऱ्या सारख्याच दिसतात, १४ चाली आणि अर्धा-अर्धा गुण. पण पहिली हा डावाचा शेवट आहे, आणि दुसऱ्या प्रकारात डाव सुरूच झालेला नाही. निर्णय पटावर झाला की पटाबाहेर, ही आपली पहिली कसोटी.

यावर एक भक्कम आक्षेप येतो. ठीक आहे, पटाबाहेर ठरलं. पण ठरवलं कुणी? दोन सज्ञान माणसांनी, राजीखुशीने. डाव त्यांचा, अर्धे गुण त्यांचे. तुम्ही कोण मध्ये पडणारे?

या आक्षेपाला उत्तर द्यायचं तर थोडा हिशेब करावा लागेल. आकडे समजुतीपुरते घेऊ. नऊ फेऱ्यांची स्पर्धा. बक्षिसं: पहिलं एक लाख, दुसरं साठ हजार, तिसरं चाळीस हजार. समान गुण झाले तर बक्षिसं एकत्र करून सारखी वाटायची. आठ फेऱ्यांनंतर 'अ' आणि 'ब' सात-सात गुणांवर आहेत आणि शेवटच्या फेरीत समोरासमोर. 'क' सहा गुणांवर आहे आणि शेवटचा डाव जिंकून सातवर पोचतो. बाकीचे सगळे मागे.

'अ' आणि 'ब' यांनी आधीच बरोबरी ठरवली, तर दोघांचे साडेसात. पहिलं आणि दुसरं बक्षीस वाटून दोघांना ८०-८० हजार. 'क' ला तिसरं, ४० हजार.

आता समजा ते लढले आणि निकाल लागला. जिंकणाऱ्याचे आठ गुण, त्याला एक लाख. हरणारा सातवरच राहिला, 'क' च्या बरोबरीने. दुसरं आणि तिसरं बक्षीस मिळून एक लाख, ते दोघांत वाटून ५०-५० हजार. 'अ' आणि 'ब' तुल्यबळ असतील, तर लढताना प्रत्येकाने एक लाख किंवा ५० हजार, सरासरी ७५ हजारांची अपेक्षा धरावी. लढले नाहीत तर खात्रीचे ८०.

म्हणजे ठरवून केलेल्या बरोबरीत प्रत्येकाला पाच-पाच हजारांचा फायदा. दोघांचे मिळून दहा हजार. एकूण बक्षीस दोन लाखच, त्यात पैशाची भर पडलेली नाही. मग हे दहा हजार आले कुठून? 'क' च्या खिशातून. त्याचे ५० होते ते ४० झाले.

त्या हस्तांदोलनात 'क' कुठेच नव्हता. तो शेजारच्या टेबलावर घाम गाळत होता. त्याच्या वाट्याच्या पैशाचा सौदा दोन टेबलं सोडून झाला, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. दोघांची राजीखुशी तिसऱ्याच्या ताटातलं वाढून घ्यायला पुरत नाही.

आता चाणाक्ष श्रोता म्हणेल, अहो, ते दोघं खरोखर लढले असते आणि तरी बरोबरी झाली असती, तर 'क' ला चाळीसच मिळाले असते ना? बरोबर. तेव्हा त्याचं नुकसान झालं असतं, पण अन्याय झाला नसता. हा फरक नीट समजून घेऊ, कारण सगळं त्यावर उभं आहे. 'क' चा हक्क ५० हजारांवर नाही. त्याचा हक्क आहे तो त्या टेबलावर खरा डाव होण्यावर. स्पर्धेत नाव नोंदवताना प्रत्येकाने प्रत्येकाला एक न बोललेलं वचन दिलेलं असतं: माझा डाव मी खेळेन, तुझा तू खेळ, आणि त्यातून जी क्रमवारी लागेल ती आपण सगळे मान्य करू. ठरवून केलेल्या बरोबरीत हे वचन मोडतं. समोरच्याला दिलेलं वचन नव्हे, तो तर सामील आहे. सभागृहातल्या बाकी सगळ्यांना दिलेलं.

इतिहासातलं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कुरासावचं. १९६२ च्या मे-जूनमध्ये कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर जगज्जेत्या बॉटविनिकचा आव्हानवीर ठरवण्याची स्पर्धा झाली. आठ खेळाडू, प्रत्येकाचे प्रत्येकाशी चार डाव, म्हणजे एकेकाला ठरलेले २८ डाव. त्यांत सोव्हिएत संघाचे पाच. त्या पाचांपैकी पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तिघांनी आपापसांतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले, बरेचसे थोडक्या चालींत. पेट्रोस्यान साडेसतरा गुणांनी पहिला आला, केरेस आणि गेलर सतरा-सतरा. एकोणीस वर्षांचा बॉबी फिशर चौदा गुणांवर, चौथा. त्याच ऑगस्टमध्ये फिशरने 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' मध्ये लेख लिहून रशियनांवर संगनमताचा जाहीर आरोप केला. तिघांत समझोता होता, हे आज सहसा कुणी नाकारत नाही.

इथे आपण दोन्ही बाजूंना न्याय देऊ. खेळाडूंची बाजू अशी: दोन महिने उष्ण बेटावर, अठ्ठावीस फेऱ्या. मिखाईल तालसारखा माजी जगज्जेता आजारी पडून तीन चतुर्थांश स्पर्धेनंतर घरी गेला. शरीर वाचवणं हा काही गुन्हा नव्हे. आणि फिशर साडेतीन गुण मागे होता. तिघं जिवाच्या आकांताने एकमेकांशी लढले असते तरी तो पहिला आलाच असता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे सगळं मान्य.

पण बघा, त्या तिघांपैकी प्रत्येकाला आठ डाव विश्रांतीचे मिळाले. फिशरला, कोर्चनॉयला, बेन्कोला, फिलिपला अशी विश्रांती नव्हती. थकवा सगळ्यांचा होता, पण त्यावरचं औषध तिघांनीच आपापसांत वाटून घेतलं. फिशर हरलाच असता हे खरं मानलं, तरी समझोत्याचा दोष पुसला जात नाही. वचनभंग झाला की नाही हे नुकसानाच्या आकड्यावर ठरत नसतं.

या कथेला आणखी एक कडू टोक आहे. केरेस अर्ध्या गुणाने मागे राहिला. शेवटून दुसऱ्या फेरीत बेन्कोने त्याला हरवलं. त्या वेळी केरेस ४६ वर्षांचा होता, आणि जगज्जेतेपदाचा सामना त्याला आयुष्यात कधीच खेळायला मिळाला नाही. पेट्रोस्यानशी त्याचे चार डाव झाले. त्यांतला एक जरी जिंकला असता तरी चित्र उलटं झालं असतं. हरलाही असता कदाचित. पण ते कळण्याचा मार्ग त्याने स्वतःच बंद करून घेतला होता. समझोता तिसऱ्याला लुबाडतो हे आपण पाहिलं. तो करणाऱ्यालाही काय मोजावं लागतं, ते इथे दिसतं.

फिडेने यावर काय केलं? ती पद्धतच मोडीत काढली. १९६५ पासून आव्हानवीर साखळी स्पर्धेऐवजी दोघा-दोघांच्या बाद पद्धतीच्या सामन्यांतून निवडला जाऊ लागला. खेळाडूंना उपदेश करण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं. दोघांच्याच सामन्यात तिसरा नसतोच, मग संगनमत करणार कुणाविरुद्ध?

फुटबॉलनेही हाच धडा घेतला. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहोन इथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. गटातला अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच झालेला, त्यामुळे जर्मनी एक-शून्य जिंकली तर आपण दोघं पुढे जातो आणि अल्जीरिया बाहेर, हे दोघांनाही ठाऊक होतं. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत काढला. कुठलाही लिखित नियम मोडला नाही. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. प्रत्येक ठिकाणी 'क' ला शोधा, म्हणजे दोष सापडतो. हिहोनला 'क' चं नाव होतं अल्जीरिया.

ही दुसरी कसोटी झाली: तिसरा कोण, आणि त्याचं काय गेलं? ती लावली की दोघांचा सामना आणि अनेकांची स्पर्धा यांत फरक करावा लागतो. कार्लसन-कारुआना सामन्याचा बारावा डाव आठवा. कार्लसनची स्थिती चांगली, घड्याळात वेळही जास्त, आणि ३१ चालींवर त्याने बरोबरीचा प्रस्ताव मांडला. पुष्कळांनी नाकं मुरडली. पण आपल्या दोन्ही कसोट्यांवर तो डाव उतरतो. निर्णय पटावर झाला. तिसरा कुणी नव्हता. कार्लसनला जलद डावांत आपली ताकद ठाऊक होती, त्याने तो हिशेब केला आणि पुढे तीन-शून्य जिंकला. यात धाडस कमी पडलं असं म्हणायचं असेल तर म्हणा. धाडस कमी असणं आणि प्रामाणिकपणा कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण टीका करताना त्यांची फार गल्लत करतो.

आता थोडं खोलात जाऊ. आपल्या न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद सत्य कळावं म्हणून. जल्प जिंकण्यासाठी. वितंडा म्हणजे स्वतःचं काही न मांडता नुसतं समोरच्याचं खोडणं. बुद्धिबळ यांत कुठे बसतं? जल्पात. तिथे दोघांनाही जिंकायचं असतं आणि निवाड्याला मध्यस्थ असतो. एरवी जिंकण्याची हाव हा आपण दुर्गुण मानतो. पण जल्पात उतरल्यावर जिंकू पाहणं हे समोरच्याबद्दलचं कर्तव्य होतं. मी पूर्ण ताकदीने आक्रमण केलं तरच तुझ्या बचावाला किंमत. दोघांनी आधीच संगनमत करून सभेत येऊन जल्पाचा देखावा करायचा, असा चौथा प्रकार मात्र न्यायसूत्रात नाही. त्याला चर्चा म्हणावं असं कुणाला वाटलं नसावं.

पाश्चात्त्यांत बर्नार्ड सूट्सने 'द ग्रासहॉपर' या १९७८ च्या पुस्तकात खेळ बिघडवणाऱ्यांची छान वर्गवारी केली आहे. लबाड माणूस खेळाचं उद्दिष्ट मानतो पण नियम मोडतो. दुसरा एक असतो, तो नियम सगळे पाळतो पण उद्दिष्टच मानत नाही. चाली कायदेशीर करतो, मात करण्याचं मनातच नसतं. तो खेळाशी खेळ करतो. ठरवून बरोबरी करणारे दोघं या दुसऱ्या जातीचे. म्हणूनच नियमाचं पुस्तक त्यांना पकडू शकत नाही. पुस्तक चाली बघतं, हेतू बघत नाही.

याचा सगळ्यात गमतीदार पुरावा २०२३ च्या डिसेंबरमध्ये समरकंदला मिळाला. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत नेपोम्नियाची आणि दुबोव या दोघांनी आपल्या डावात फक्त घोडे हलवले. घोडे बाहेर आले, फिरले, घरी गेले. तेरा चालींत बरोबरी. पंचांनी दोघांनाही शून्य दिलं.

शिक्षा योग्यच, असं आपण पटकन म्हणतो. पण थांबा. बर्लिन बचावात एक ठरीव मालिका आहे, वजिराने शह, वजीर मध्ये, पुन्हा शह, पुन्हा मध्ये, आणि चौदाव्या चालीला तिसऱ्यांदा तीच स्थिती येऊन बरोबरी. ती शेकडो वेळा खेळली गेली आहे. तिला कुणी शून्य देत नाही. चाली नियमाला धरून असतात, पुस्तकातल्या असतात, प्रतिष्ठित असतात. मग त्या दोघांनी बर्लिन खेळून हेच केलं असतं तर अर्धा-अर्धा गुण मिळाला असता! म्हणजे शिक्षा कशाला झाली? ठरवून बरोबरी केली याला, की ती झाकली नाही याला? उघड्याला दंड आणि झाकलेल्याला अभय, असा न्याय झाला की खेळाडू सरळ होत नाहीत, नीट झाकायला शिकतात. दंड देऊ नये असं आमचं म्हणणं नाही. पण तेवढ्याने बर्लिनचं पांघरूण घेतलेले शुद्ध ठरतात, हा भ्रम नको.

याच्या उलट बाजूची घटना पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला झाली. ब्लिट्झच्या अंतिम सामन्यात कार्लसन आणि नेपोम्नियाची दोन-दोन बरोबरीत, त्यानंतरचे तीन डावही बरोबरीत. तेव्हा कार्लसनने जेतेपद वाटून घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि फिडेने तो मान्य केला. यावरही वादळ उठलं. जेतेपद वाटून घ्यावं की नाही यावर मतं वेगळी असू शकतात. आम्हालाही ते फारसं रुचलेलं नाही. पण कसोटी लावा. सामना दोघांचाच उरला होता, आणि विचारणा उघडपणे, अधिकाऱ्यांकडे झाली होती. इथे टीका करायची तर ती परवानगी देणाऱ्या संस्थेवर करावी.

मग उपाय काय? नियम मनात डोकावू शकत नाही, हे आपण पाहिलं. तीस चालींची अट घातली तर तीस चालींचं नाटक होतं, आणि त्यातही स्थितीच्या पुनरावृत्तीची पळवाट उरते. सोफिया नियम त्याहून बरा, कारण तो प्रस्तावाचं तोंडच बंद करतो, पण पुनरावृत्ती तोही थांबवू शकत नाही. खरा उपयोग होतो तो मोह कमी केल्याने. शेवटच्या फेरीत बरोबरी केली की खात्रीचं बक्षीस, अशी बक्षिसांची रचनाच ठेवायची आणि मग खेळाडूंना नीती शिकवायची, हा दुटप्पीपणा आहे. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात अंतर वाढवा, समान गुणांवर वाटणीऐवजी आणखी एक जलद सामना ठेवा, विश्रांतीचे दिवस द्या. कुरासावच्या तिघांना विश्रांती हवी होती. ती वेळापत्रकाने सगळ्यांना दिली असती तर चोरून घ्यावी लागली नसती.

तरीही सगळं संस्थेवर टाकून मोकळं होता येणार नाही. शेवटी एक माणूस उरतोच, ज्याला हो किंवा नाही म्हणायचं असतं. तो बहुतेक वेळा तरुण असतो. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, आई-वडिलांनी कर्ज काढून स्पर्धेला पाठवलेला, आंतरराष्ट्रीय मास्टरच्या नॉर्मला अर्धा गुण कमी. शेवटच्या फेरीआधी जिन्यात एक ज्येष्ठ खेळाडू खांद्यावर हात ठेवतो, "काय रे, आज लवकर आटपू या का?" आता याला राजीखुशी म्हणायचं? नाही म्हटलं तर नॉर्म जाण्याची भीती, शिवाय ज्येष्ठाशी वाकडं, उद्या त्यांच्याच शिबिरात जायचं. संमती संमती म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तिच्यात अशी किती ओझी दडलेली असतात ते बघा. म्हणून दोष मोजताना दोन हात सारखे मोजू नयेत. ज्याने हात पुढे केला, त्याचा वाटा मोठा.

त्या मुलाला काय सांगायचं? 'नीती पाळ' एवढं म्हणून भागत नाही, नॉर्म त्याचा आहे, कर्ज त्याच्या घरावर आहे. आपण त्याला एवढं सांगू शकतो: पटावर बस. वाटलं तर बाराव्या चालीला स्थिती बघून प्रस्ताव मांड, त्यात कमीपणा काही नाही. भीती वाटली म्हणून मांडलास तरी चालेल, भीती हीसुद्धा पटावरचीच गोष्ट आहे. जिन्यात मात्र उत्तर देऊ नकोस. 'काका, बसल्यावर बघू' एवढंच म्हण. या तीन शब्दांत कुणाचा अपमान नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या 'क' चा हक्कही शाबूत राहतो.

अलास्डेर मॅकिंटायरने 'आफ्टर व्हर्च्यू' मध्ये एका लहान मुलाचं उदाहरण दिलं आहे. त्याला बुद्धिबळाची गोडी नाही, म्हणून कुणीतरी खाऊचं आमिष दाखवून त्याला खेळायला बसवतं. खाऊ हेच कारण असेल तोवर मुलाला लबाडी न करण्याचं काहीच कारण नाही. हळूहळू त्याला खेळातलंच काही आवडू लागतं, एखादी युक्ती, एखादं आक्रमण, आणि मग लबाडी केली तर तो दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच हरवतो. नॉर्म, गुणांकन, बक्षीस हा सगळा मोठ्यांचा खाऊ आहे. तो लागतोच, पोट सगळ्यांना आहे. पण आधीच ठरवलेल्या बरोबरीत खाऊ तेवढा हातात येतो आणि डाव हातचा जातो.

आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात अशा छोट्या बरोबऱ्या असतात. समितीत तू माझ्या माणसाला हो म्हण, मी तुझ्या माणसाला म्हणतो. बैठक वीस मिनिटांत आटोपते, चहा होतो, सगळे खूश. तिथेही नियम मोडलेला नसतो. तिथेही बाहेर कुठेतरी एक उमेदवार मुलाखत देऊन, नीट तयारी करून, निकालाची वाट बघत बसलेला असतो. त्याचा डाव झालाच नाही, हे त्याला कधी कळतही नाही.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः जे स्पर्धा खेळतात त्यांनी.